हद्दपारीतून विधानसभेकडे

रायपूरच्या तात्यापारा या जुन्या वस्तीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. आज नागपूर त्यांच्यासाठी परराज्यातील शहर असले, तरी १९५६ पर्यंत ते त्यांच्याच राज्याच्या राजधानीचे शहर होते. रायपूर आणि नागपूर यांना जोडणाऱ्या त्या संमिश्र राजकारणात कामगार चळवळीतून पुढे आलेले एक प्रमुख नाव म्हणजे ठाकूर प्यारेलाल सिंह. ते रायपुरात स्थायिक झाले, ते एका संस्थानाने हद्दपार केल्यामुळे.

त्यांचा जन्म २१ डिसेंबर १८९१ रोजी राजनांदगावजवळील दैहान या गावी झाला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात शिक्षण घेऊन पुढे ते वकील झाले. राजनांदगाव संस्थानात तेव्हा बंगाल नागपूर कॉटन मिल्स ही मोठी कापड गिरणी होती. तेथील कामगारांना दिवसाकाठी बारा तासांहून अधिक राबावे लागे. १९२० मध्ये प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली या कामगारांनी संप पुकारला. महिनाभराहून अधिक काळ चाललेल्या या संपामुळे कामाचे तास कमी झाले. १९२४ मध्ये संघर्ष पुन्हा पेटला, तेव्हा गोळीबार झाला आणि संस्थानाने प्यारेलाल सिंह यांना हद्दपार केले.

ब्रिटिश प्रांतात कायदेमंडळ होते, निवडणुका होत्या. संस्थानात राजाची आज्ञा हाच कायदा होता. त्यामुळे कामगाराचे हक्क संस्थानाच्या वेशीपाशी बदलत असत. रेल्वेची हद्द मात्र ब्रिटिश अखत्यारीत होती. १९३७ च्या सुमारास वेतनकपातीवरून गिरणीत पुन्हा असंतोष उसळला, तेव्हा गावात पाऊल टाकण्यास मनाई असलेल्या या नेत्याने राजनांदगावच्या रेल्वे स्थानकावरूनच कामगारांना मार्गदर्शन केले.

रायपुरात त्यांना व्यापक राजकारणाचे दार खुले झाले, पण त्याचे मोलही द्यावे लागले. सविनय कायदेभंगात त्यांनी तुरुंगवास भोगला. वकिलीची सनदही गेली. पुढे ते प्रांतिक विधानसभेवर निवडून आले आणि रायपूर नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांनी एकाहून अधिक वेळा भूषविले.

जुलै १९३८ मध्ये मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे आणि महाकोशलातील मंत्री यांच्यातील कलह विकोपाला गेला. खरे यांनी राजीनामा दिला. महाकोशलातील तिघा मंत्र्यांनी तो देण्यास नकार दिल्यावर गव्हर्नरने त्यांना बडतर्फ केले. खरे यांनी लगोलग बनविलेल्या नव्या मंत्रिमंडळात प्यारेलाल सिंह सहभागी झाले. काँग्रेसश्रेष्ठींच्या रोषामुळे ते मंत्रिमंडळ अवघ्या दोन-तीन दिवसांत कोसळले आणि रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री झाले. गिरणीच्या दाराशी हजारोंना एकत्र बांधणारा नेता पक्षांतर्गत गटबाजीत किती एकाकी पडू शकतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

यानंतरचे त्यांचे टिकाऊ काम सत्तेबाहेरच झाले. १९४५ मध्ये त्यांनी छत्तीसगडच्या विणकरांचा सहकारी संघ उभारला. गिरणीच्या आत त्यांनी कामाचे तास आणि वेतन यांसाठी लढा दिला होता. गिरणीच्या बाहेर हातमागावर जगणाऱ्यांसाठी त्यांनी संघटनेचे निराळे रूप शोधले. १९५१ मध्ये काँग्रेस सोडून ते आचार्य कृपलानी यांच्या किसान मजदूर प्रजा पक्षात गेले. १९५२ च्या निवडणुकीत ते रायपूरमधून विजयी झाले आणि नागपूरच्या विधानसभेत विरोधी पक्षनेते म्हणून शुक्ल यांच्यासमोर उभे राहिले. अखेरच्या काळात त्यांनी स्वतःला भूदानाला वाहून घेतले. ऑक्टोबर १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज छत्तीसगड शासन सहकार क्षेत्रातील सन्मान त्यांच्या नावाने देते. तो यथोचितच आहे. पण त्यांच्या जीवनातील अधिक अवघड प्रश्न त्यामुळे झाकला जाऊ नये. त्यांच्याच छत्तीसगडमधून असंख्य मजूर आज कामासाठी परराज्यांत जातात. त्यांचे श्रम एका राज्यात आणि मत दुसऱ्या राज्यात असते. जेथे घाम गाळला जातो, तेथील सत्तेला त्यांच्या मताची फिकीर करावी लागत नाही. हद्दपार होऊन आलेल्या प्यारेलाल सिंहांना नव्या शहराने आपला प्रतिनिधी मानले. संस्थानांच्या सीमा केव्हाच पुसल्या गेल्या. स्थलांतरित श्रमिकाला आपले मानण्याचे ते औदार्य मात्र आपल्या राज्यांना अद्याप साधलेले नाही.