रेव्ह. लँगस्ट्रॉथ व त्यांची मधपेटी

आपल्या खेड्यांत मोहोळ झाडणे म्हणजे धूर करून पोळे कापणे आणि अंड्यापिल्लांसह ते पिळणे, एवढेच पुष्कळांस ठाऊक आहे. ही हत्या ज्यांच्या शोधामुळे टळू शकली, ते रेव्ह. लोरेन्झो लँगस्ट्रॉथ हे एक पाळकच होते. त्यांचा जन्म सन १८१० मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी झाला. त्यांचे मन वारंवार खिन्नतेने ग्रासले जाई व उपदेशाचे काम थांबे. मधमाश्यांच्या संगतीत मात्र त्यांस विसावा मिळे.

सन १८५१ मध्ये त्यांच्या ध्यानात आले की, सुमारे ३/८ इंच वाट मोकळी ठेविल्यास माश्या ती मेणाने भरीत नाहीत व राळेनेही लिंपीत नाहीत. यावरून सुट्या चौकटींची पेटी निघाली. तिकडे वसंताच्या अखेरीस, मे महिन्यात, फुलोरा भरास येतो. घर अपुरे पडून जुनी राणी निम्म्याअधिक परिवारासह उडून जाते. आता चौकट उचलून नव्या राणीची घरे वेळीच पाहता येऊ लागली व पेटीवर मजला चढविता येऊ लागला. (आमच्या बजाजनगरकडे त्याच महिन्यात रान करपलेले असते, येथे पेटीस सावली व पाणी हीच मोठी सेवा.)

सन १८५२ मध्ये पेटंट मिळाले. पण लोकांनी पेटीची बिनदिक्कत नक्कल केली, आणि झगडूनही त्यांच्या पदरी फारसे पडले नाही. याचे आम्हांस वाईट वाटते.

ता. ६ ऑक्टोबर १८९५, रविवारी, डेटन शहरी उपदेशास आरंभ करीत असतानाच वयाच्या ८४ व्या वर्षी ते निवर्तले.