रिपोर्टमधील ‘ले फोर्ट’ हे नाव कोणाचे?

दुचाकीच्या अपघातानंतर तुमच्या रुग्णाच्या चेहऱ्याचा सीटी स्कॅन झाला आणि रिपोर्टमध्ये ‘ले फोर्ट २’ असे लिहून आले, तर हा कुठला नवा आजार, असा प्रश्न तुम्हाला पडेल. हा आजार नाही. ले फोर्ट हे एका फ्रेंच सर्जनचे आडनाव आहे. पुढचा आकडा वाचून चेहऱ्याचे हाड कोठे मोडले आहे, हे डॉक्टरांना समजते.

रेने ले फोर्ट यांचा जन्म १८६९ साली फ्रान्समधील लील शहरात झाला. त्यांच्या तरुणपणी एक्स-रे नुकताच आला होता, सीटी स्कॅन तर नव्हताच. चेहऱ्याचे हाड कसे मोडते, हे पाहण्यासाठी त्यांनी मृतदेहांच्या डोक्यांवर वेगवेगळ्या दिशांनी आघात केले आणि नंतर हाडे उघडी करून तपासली. हे काम अप्रिय होते, पण त्यातून मोठी गोष्ट कळली. १९०१ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. भिंतीला कच्च्या जागी तडा जातो, तसा चेहराही बहुधा ठरावीक तीन रेषांवर तुटतो.

पहिली रेषा वरच्या दातांच्या मुळांवरून जाते. दुसरी नाकाच्या मुळापासून डोळ्यांखालून खाली उतरते. तिसरीत चेहऱ्याची हाडे कवटीपासून सुटतात. वरून जखम किरकोळ दिसली, तरी आत हाड मोडलेले असू शकते, हेही त्यांनी दाखवले.

पहिल्या महायुद्धात त्यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले. १९५१ साली त्यांचे निधन झाले.

हाडे तुटण्याच्या याच रेषा पुढे दुरुस्तीच्या कामी आल्या. जन्मतः मागे राहिलेला चेहरा पुढे आणण्यासाठी हॅरोल्ड गिलीज आणि नंतर पॉल टेसिये यांनी तिसऱ्या रेषेच्या आसपास हाड मुद्दाम कापले. आज वरचा जबडा पहिल्या रेषेवर सोडवून योग्य जागी आणतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्या व स्क्रूने बसवतात. अपघातात मोडलेली हाडेही अशाच पट्ट्यांनी जोडतात.

म्हणून डॉक्टरांना विचारा: रेषा कोणती आहे? दात एकमेकांवर नीट बसतात का? दृष्टी ठीक आहे का? नाकातून पाण्यासारखा स्राव येत असेल, तर लगेच सांगा आणि रुग्णाला नाक शिंकरू देऊ नका.