कॉलरबोन मोडलं तरी जॅक ट्राइस खेळत राहिला, स्टेडियमला त्याचं नाव मिळालं ७४ वर्षांनी

अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा नव्हे. तिथं चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी आडवं पाडायचं. १९२३ साली जॅक ट्राइस हाच खेळ आयोवा स्टेट कॉलेजकडून खेळत होता. वय २१, शिकत होता पशुसंवर्धन. त्या कॉलेजचा हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

६ ऑक्टोबरला मिनेसोटा विद्यापीठाशी मॅच होती. आदल्या रात्री हॉटेलात त्यानं स्वतःसाठीच चिठ्ठी लिहिली. उद्या आपल्या समाजाची आणि घरच्यांची इज्जत पणाला आहे, असा तिचा सूर.

मॅचच्या सुरुवातीलाच कॉलरबोन मोडलं. तरी आपण ठीक आहोत म्हणत पठ्ठ्या खेळत राहिला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो पाठीवर पडला आणि समोरचे खेळाडू अंगावरून गेले. मुद्दाम तुडवलं का, हा वाद आजही मिटलेला नाही. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, रेल्वेनं त्याला परत आणलं. ८ तारखेला तो गेला. चिठ्ठी नंतर त्याच्या कोटात सापडली.

१९७० च्या दशकात नवं स्टेडियम झालं, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्याचं नाव लावून धरलं. १९८४ मध्ये मधला मार्ग निघाला, नाव फक्त आतल्या मैदानाला. अख्ख्या स्टेडियमला ते मिळायला १९९७ उजाडलं.