नास्तिक र. धों. कर्वे आणि त्यांचे वकील बाबासाहेब

गोंदियाला लागून असलेल्या आमच्या फुलचूरमध्ये तरुणांना महाड, येवला, नागपूर ही नावे तोंडपाठ आहेत. मुंबईतला १९३४ सालचा एक खटला मात्र आपण क्वचितच आठवतो. बाबासाहेबांनी तो एका नास्तिकासाठी लढला आणि ते हरले.

त्या नास्तिकाचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, जन्म १८८२. १८९९ साली मॅट्रिकला पहिले आले, गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. ते शिकवत होते त्या विल्सन कॉलेजच्या मिशनरी चालकांना हे पटले नाही आणि १९२५ साली त्यांना नोकरी सोडावी लागली. इकडे सनातनी हिंदूही त्यांच्यावर चिडलेले होतेच. देव न मानणाऱ्याला दोन्ही धर्मांनी मिळून वाळीत टाकावे, यात आम्हाला तरी नवल वाटत नाही.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. धर्मभावना दुखावल्याबद्दल शिक्षा देणारे २९५-अ हे कलमही त्याच वर्षी कायद्यात आले. कर्व्यांवर मात्र अश्लीलतेचा आरोप ठेवला गेला. १९३१ साली व्यभिचारावरील लेखासाठी त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा अटक झाली, आणि या वेळी कारण होते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे. याच सुमारास मुंबईत बुद्धिवादी डॉ. डी’अवॉइन यांच्यावरही धर्मावर टीका केल्याबद्दल खटला भरला गेला होता. ते सुटले.

कर्व्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. गोलमेज परिषद आणि पुणे करार यांतून जाऊन आलेल्या, विरोधकांनी घेरलेल्या नेत्याला असा बदनाम अशील घेण्याची काय गरज होती? लैंगिक विषयावर लिहिले म्हणून लिखाण आपोआप अश्लील ठरत नाही, आणि वाचकांनी शंका विचारली तर उत्तर दिलेच पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. न्यायालयाला ती पटली नाही. दोनशे रुपये दंड झाला. बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई विधिमंडळात त्यांच्या पक्षाच्या रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. तोही नामंजूर झाला.

पुढे संविधानात कलम १९ ने अभिव्यक्तीचे आणि कलम २५ ने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आले. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे कलम २८ सांगते. ‘सभ्यता अथवा नीतिमत्ता’ हे निर्बंधाचे कारण मात्र कलम १९ मध्ये राहिलेच, आणि कर्व्यांना नेमके त्याच कारणाने पकडले होते. सरकारी कचेरीतल्या पूजेला आपण हरकत घेतो, ते योग्यच आहे. पण उद्या एखाद्या नास्तिकाने पुनर्जन्मावर किंवा आपल्या वंदनेवर प्रश्न केला, तर आपल्यापैकी किती जण भावना दुखावल्याची तक्रार न करता त्याला उत्तर देतील?

कर्वे दंड भरून पुन्हा लिहायला बसले. मूल होऊ द्यायचे नाही हे पती-पत्नींनी आधीच ठरवले होते आणि घर मालतीबाईंच्या नोकरीवर चालत होते. त्यांचे हे ऋण आपल्याकडे फारसे कोणी नोंदवत नाही. मासिक सव्वीस वर्षे चालले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले आणि नोव्हेंबरचा अंक शेवटचा ठरला.