रंगीत प्राणी भर चौकात आणणाऱ्या निकीच्या जिवावर तेच मटेरियल उठलं

बागेतला फायबरचा हत्ती किंवा जिराफ सगळ्यांनी पाहिलाय. नवा असतो तेव्हा एकदम चकचकीत. चार उन्हाळे-पावसाळे गेले की लाल रंग गुलाबी दिसायला लागतो, पाठीवरचे पोपडे निघतात. उघड्यावरच्या रंगीत शिल्पांचं जगभर हेच दुखणं आहे, आणि या दुखण्याशी जिने आयुष्यभर झुंज दिली ती बाई म्हणजे निकी द सँ फाल.

निकीचा जन्म २९ ऑक्टोबर १९३० चा, पॅरिसजवळचा. घराणं खानदानी, वडील बँकिंगमधले. मंदीत धंदा बुडाला आणि कुटुंब अमेरिकेत गेलं. निकी दिसायला देखणी होती. वयाच्या १८ व्या वर्षी ती 'लाइफ' मासिकाच्या कव्हरवर झळकली.

बाहेरून सगळं झकास दिसत होतं, आतून मात्र ती मोडली होती. ११ व्या वर्षी वडिलांनीच तिच्यावर लैंगिक अत्याचार केले होते. ही गोष्ट तिने जगाला सांगितली थेट १९९४ मध्ये, पुस्तक लिहून. १९५३ मध्ये तिचं मानसिक संतुलन बिघडलं आणि तिला फ्रान्समधल्या नीसच्या हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागलं. तिथेच ती चित्रं काढायला लागली. कुठल्याही आर्ट स्कूलची पायरी ती चढली नव्हती.

१९५५ मध्ये तिने बार्सिलोनातलं गौडीचं पार्क ग्युएल पाहिलं. रंगीत टाइल्सच्या तुकड्यांनी मढवलेला तिथला सरडा आजही फेमस आहे. अशीच एक बाग आपणही उभारायची, हे तिने तेव्हाच मनाशी पक्कं केलं.

पण तिचं नाव झालं ते बंदुकीमुळे. १९६१ मध्ये तिने प्लास्टरखाली रंगाच्या पिशव्या लपवल्या आणि त्यावर रायफलने गोळ्या झाडल्या. पिशवी फुटली की रंग ओघळायचा आणि चित्र तयार व्हायचं. पुढे १९६५ पासून आल्या 'नाना', म्हणजे नाचणाऱ्या, गुबगुबीत, रंगीबेरंगी बायका. सुरुवातीच्या नाना लोकर आणि कागदाच्या लगद्याच्या होत्या. त्या पावसात टिकणार कशा? म्हणून निकी पॉलिस्टरकडे वळली.

आता हे काम चालतं कसं?

पॉलिस्टर रेझिन आणि काचतंतूचे थर देऊन आकार बनवायचा. तो वाळला की लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात शेवटी पारदर्शक क्लिअर कोट, गाडीला मारतात तसा. उन्हातली अतिनील किरणं रंगाचे कण फोडतात, म्हणून रंग उडतो. क्लिअर कोटमध्ये ही किरणं शोषणारे घटक घालता येतात. म्हणजे मार आधी कोट खातो, रंग नंतर. पण कोटही कायमचा नसतो. तो पिवळा पडतो, तडकतो, मग घासून नवा मारावा लागतो.

निकीचे प्राणी असे जगभर पोचले. जेरुसलेममध्ये १९७२ मध्ये तिचा 'गोलेम' हा राक्षस उभा राहिला. तो काँक्रीटचा. त्याच्या तोंडातून तीन लाल जिभा बाहेर येतात आणि त्याच मुलांच्या घसरगुंड्या आहेत. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरशेजारी स्ट्राव्हिन्स्की कारंजं झालं. त्यातली काळी यंत्रं तिचा नवरा जाँ तँगलीची, रंगीत हत्ती, साप आणि अग्निपक्षी निकीचे. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो कॅम्पसमध्ये १५ फुटी कमानीवर १४ फुटी पक्षी बसला, 'सन गॉड'. तिथली पोरं या पक्ष्याला कधी गॉगल घालतात, कधी पदवीदानाची टोपी.

या सगळ्याची किंमत मात्र निकीच्या शरीराने मोजली. रेझिनची वाफ आणि घासताना उडणारी धूळ फुफ्फुसात जात होती. १९७४ मध्ये तिच्या फुफ्फुसात गळू झालं. आराम करायला ती स्वित्झर्लंडच्या डोंगरात गेली. तिथे एका मैत्रिणीला तिने बागेचं जुनं स्वप्न सांगितलं आणि त्या मैत्रिणीच्या भावांनी इटलीतल्या तोस्कानामध्ये जमीन दिली.

तिथे टॅरोच्या २२ पत्त्यांवर आधारलेली बाग उभी राहिली. खर्चासाठी निकीने १९८२ मध्ये स्वतःच्या नावाचा परफ्यूम बाजारात आणला. स्फिंक्सच्या आकाराच्या एका शिल्पाच्या पोटात ती कित्येक वर्षं राहिली. इथे तिने मुख्य भर दिला आरसे, काच आणि सिरॅमिकवर. भट्टीत भाजलेल्या सिरॅमिकचा रंग उन्हाने उडत नाही आणि त्याला क्लिअर कोटही लागत नाही. १९९८ मध्ये ही बाग लोकांसाठी खुली झाली.

तोवर संधिवाताने तिचे हात धरले होते आणि श्वासाचा त्रास वाढला होता. चांगल्या हवेसाठी ती कॅलिफोर्नियात राहायला गेली होती. तिथेच २१ मे २००२ रोजी, ७१ व्या वर्षी, श्वसनाच्या विकाराने तिचं निधन झालं.

तिची एस्कोंदिदोमधली बाग २००३ मध्ये, ती गेल्यावर उघडली. मोझेकच्या सापांच्या भिंतीआड तिथे गरुडावर राणी उभी आहे. पॅरिसच्या कारंजाची मोठी दुरुस्ती २०२३ मध्ये पूर्ण झाली. निकीचे प्राणी आजही ऊन-पाऊस झेलतायत, आणि त्यांचा रंग उजळवायला माणसांना पुन्हा पुन्हा हातात ब्रश घ्यावा लागतोय. फरक इतकाच, की आता ते हे काम तोंडाला मास्क लावून करतात.