हॉर्निमन सर्कलचा हॉर्निमन

फोर्टात नोकरी केलेल्या आपल्या सोसायटीतल्या मंडळींना हॉर्निमन सर्कल कुठे आहे ते सांगायला नको. एशियाटिकच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की समोर दिसते ती गोल बाग. डबा खायला चांगली जागा! पण हे नाव कुणाचं, असं विचारलं तर बहुतेक जण खांदे उडवतात. कुणी गव्हर्नर असेल, असं वाटतं. गव्हर्नरचं नाव आधी होतंच, एल्फिन्स्टन सर्कल. स्वातंत्र्यानंतर आपण मुंबईतली कितीतरी साहेबी नावं काढून टाकली. इथे मात्र एका इंग्रजाचं नाव काढून दुसऱ्या इंग्रजाचं दिलं, आणि तेही कौतुकाने. तो होता एका वर्तमानपत्राचा संपादक.

बेंजामिन गाय हॉर्निमन यांचा जन्म १८७३ चा, इंग्लंडमधल्या ससेक्सचा. तिकडच्या वर्तमानपत्रांत उमेदवारी करून ते १९०६ मध्ये कलकत्त्याला ‘स्टेट्समन’मध्ये आले. बंगालच्या फाळणीवरून तेव्हा तिथे वातावरण पेटलेलं होतं. निषेधात हा गोरा माणूस धोतर-कुडता घालून, अंगावर चादर घेऊन, अनवाणी चालला. क्लबातल्या इतर साहेबांना काय वाटलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

१९१३ मध्ये सर फिरोजशहा मेहतांनी मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’ हे इंग्रजी दैनिक काढलं. मुंबईतली इंग्रजी वर्तमानपत्रं सरकारची आणि गोऱ्या व्यापाऱ्यांची री ओढत, आपली बाजू मांडणारं कुणी हवं होतं. त्याचं संपादकपद मेहतांनी हॉर्निमनना दिलं.

इथे जरा थांबून १९१० चा प्रेस ॲक्ट समजून घेऊ, कारण हॉर्निमन आयुष्यभर ज्याच्याशी भांडले त्याचं मूळ तिथे आहे. १९०८ मध्ये लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला झाला. सरकारने त्यांना सहा वर्षं मंडालेला पाठवलं खरं, पण कोर्टात टिळक बोलले आणि ते सगळ्या देशाने ऐकलं. खटला सरकारला महाग पडला. नव्या कायद्याने मग कोर्टाची पायरीच टाळली. छापखाना किंवा वर्तमानपत्र चालवायचं तर अधिकाऱ्याने मागितली की अनामत रक्कम भरायची. मजकूर आवडला नाही की सरकार ती जप्त करणार आणि पुढची रक्कम आणखी मोठी. ॲनी बेझंटबाईंच्या मद्रासच्या ‘न्यू इंडिया’कडून १९१६ मध्ये आधी दोन हजार घेतले, ते जप्त केले आणि मग दहा हजार मागितले. तेव्हाचे दहा हजार, बरं का! संपादक तुरुंगात गेला तर हुतात्मा होतो, पण पैशाअभावी छापखान्याला कुलूप लागलं तर मिरवणूक निघत नाही. आपल्या सोसायटीत नावडती नोटीस फाडायची हिंमत कुणी करत नाही, बोर्डाचं कुलूपच बदलतात, तसाच हा प्रकार. (कमिटीने राग मानू नये.)

पत्रकारांनी एकेकट्याने लढून हे निभणार नाही, हे हॉर्निमन यांच्या लक्षात आलं. १९१५ मध्ये प्रेस असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. प्रेस ॲक्ट आणि युद्धकाळातले भारत संरक्षण नियम, दोन्हींविरुद्ध या संस्थेने झगडा दिला. पुढे होमरूल चळवळ आली, त्यातही ते होतेच. डिसेंबर १९१८ मध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांच्या सन्मानासाठी टाउन हॉलमध्ये, म्हणजे त्याच एशियाटिकच्या इमारतीत, सभा भरली, तेव्हा विरोध करायला जमलेल्यांत बॅरिस्टर जिनांबरोबर हॉर्निमनही होते. सभा उधळली गेली.

मग आलं १९१९ साल. रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी सत्याग्रह सभा काढली, हॉर्निमन तिचे उपाध्यक्ष. १३ एप्रिलला जालियनवाला बाग घडली आणि पंजाबात लष्करी कायदा लागला. तिथून बातमीच बाहेर येऊ द्यायची नाही, असा बंदोबस्त झाला. लाहोरच्या ‘ट्रिब्यून’चे संपादक कालीनाथ रॉय यांना शिक्षा झाली. तरी ‘क्रॉनिकल’ लिहीत राहिलं. २६ एप्रिलला पोलिसांनी हॉर्निमनना उचललं आणि इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर चढवलं. खटला नाही, आरोपपत्र नाही, बाजू मांडायची संधी नाही. ‘क्रॉनिकल’वर आधी तपासणी मगच छपाई अशी सक्ती आली, तेव्हा चालकांनी काही काळ अंक काढणंच बंद केलं. त्यांच्याच ‘यंग इंडिया’ या साप्ताहिकाची सूत्रं मग गांधीजींनी हाती घेतली आणि ते आठवड्यातून दोनदा निघू लागलं. शहर भडकू नये म्हणून गांधीजींनी पत्रकं काढून लोकांना शांत ठेवलं आणि ११ मे रोजी, रविवारी, हरताळ पाळायला सांगितलं.

संपादकाला बोटीवर चढवलं की प्रश्न मिटला, असा सरकारचा हिशोब होता. तो चुकला. पंजाबातल्या अत्याचारांचे फोटो हॉर्निमन यांनी गुपचूप विलायतेला नेले आणि ‘डेली हेरल्ड’मधून तिथल्या लोकांसमोर मांडले. १९२० मध्ये अमृतसरच्या हत्याकांडावर पुस्तकही लिहिलं. इथे सांगितलं असतं तर सरकारने दाबलं असतं, पण लंडनच्या घराघरांत सकाळच्या चहाबरोबर ते पोचलं.

पण मला या हकिकतीत सगळ्यात टोचतं ते वेगळंच. ‘क्रॉनिकल’चे एक बातमीदार होते गोवर्धन दास. त्यांना तीन वर्षांची कैद झाली. इंग्रज संपादकाला त्याच्या घरी सोडलं आणि देशी बातमीदाराला कोठडीत टाकलं! संपादकाचं नाव निदान पार्लमेंटात निघालं. बातमीदाराच्या घरची चूल त्या तीन वर्षांत कशी पेटली, हे कुठे छापून आलं नाही. आजही दूरच्या गावातून बातमी पाठवणारा माणूस बहुधा एकटाच असतो.

हॉर्निमननी परतायची परवानगी पुन्हापुन्हा मागितली, ती मिळाली नाही. शेवटी जानेवारी १९२६ मध्ये ते आलेच, जवळपास सात वर्षांनी. पुन्हा ‘क्रॉनिकल’ सांभाळलं, मग स्वतःचं ‘इंडियन नॅशनल हेरल्ड’ चालवून पाहिलं. १९३३ पासून ‘बॉम्बे सेंटिनल’ हे सांजदैनिक बारा वर्षं संपादित केलं. १९४१ मध्ये रुसी करंजिया आणि दिनकर नाडकर्णी यांच्याबरोबर ‘ब्लिट्झ’ सुरू करण्यातही ते होते. आपल्याकडच्या जुन्या मंडळींनी ‘ब्लिट्झ’ नक्की चाळला असेल, काहींनी मागच्या पानापासून! ऑक्टोबर १९४८ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, ते गेले. ज्या देशातून त्यांना हाकललं होतं, तो देश स्वतंत्र झालेला त्यांनी पाहिला.

फोर्टात गेलात तर मुलांना ती बाग जरूर दाखवा. कडेला १८२२ पासून निघणाऱ्या ‘मुंबई समाचार’ची लाल इमारत आहे. तिच्याजवळच्या रस्त्याला सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांचं नाव आहे. हॉर्निमन यांच्यानंतर ‘क्रॉनिकल’ वर्षानुवर्षं सांभाळलं ते त्यांनीच. गोवर्धन दास यांच्या नावाची पाटी मात्र मला तिथे कुठे दिसली नाही.