पाण्याच्या कर्जाचा हिशेब मागणारे जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव उच्चारताच मुलींची शाळा, सत्यशोधक समाज आणि अस्पृश्यांस मोकळा केलेला घरचा हौद यांचे स्मरण होते. शाळेत आम्हीही वर्षानुवर्षे हेच शिकविले. परंतु त्यांच्या चरित्रातील धरण, कालवा व त्यांपायी होणारे कर्ज यांचा भाग सहसा कोणी सांगत नाही. कर्जत-खालापूरकडील आपल्या ज्ञातिबांधवांस तो जिव्हाळ्याचा वाटेल, म्हणून तोच येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यास पेशव्यांकडे फुले पुरविण्याचे काम मिळाले व फुले हेच नाव रूढ झाले. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली, हे सर्वश्रुतच आहे. मात्र समाजकार्यावर त्यांनी प्रपंच चालविला नाही. ते बांधकामाचे कंत्राटदार होते, आणि मुठा नदीवरील खडकवासला धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध आला.

हे धरण १८६९ मध्ये सुरू होऊन १८७९ मध्ये पुरे झाले. कर्नल फाईफ यांची ती योजना. त्याच सुमारास सरकारचे धोरण पालटले होते. पूर्वी अशी कामे बहुधा वर्षाच्या वसुलातून होत. आता जे काम आपल्या उत्पन्नातून व्याज फेडील, त्यासाठी सार्वजनिक कर्ज उभारावे असे ठरले. कल्पना वाईट नव्हती. पण पाणी शेतात पोहोचो वा न पोहोचो, व्याज चुकत नाही. आणि ते शेवटी पाणीपट्टी व शेतसारा यांतूनच निघावयाचे. जोतीरावांनी इंजिनिअर, कारकून व मजूर यांचे व्यवहार जवळून पाहिले होते, त्यामुळे हा प्रश्न त्यांना कागदावरचा नव्हता.

१८७५ साली सुप्यास सावकारांविरुद्ध दंगे झाले, पुढे १८७६ ते ७८ चा दुष्काळ पडला. १८८३ मध्ये जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. परक्या सावकारांचे कर्ज व त्याचे व्याज शेतकऱ्याच्या माथी कसे येते, हे त्यांनी त्यात दाखविले. कालव्याचे पाणी मोजून मिळावे, प्रत्येकाच्या वाट्याला तोटी असावी, असा त्यांचा आग्रह होता. त्याहून महत्त्वाची आम्हांस वाटते ती दुसरी सूचना. पलटणीतील व पोलिसांतील रिकाम्या माणसांकडून ताली व बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी रानात मुरेल. आणि तलाव व ओढे यांतील गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यास फुकट नेऊ द्यावा. नवे कर्ज न काढता जुन्या पाणवठ्याची डागडुजी करण्याचा याहून सोपा मार्ग कोणता?

त्याच १८८३ साली जमीन सुधारणेच्या कर्जाचा कायदा झाला आणि विहिरी व बांध यांसाठी तगाई मिळू लागली. परंतु तिला जमिनीचे तारण लागे. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्या कुळाने काय करावे?

आपल्याकडे भिवपुरीच्या वीजगृहातून सुटलेले पाणी राजनाल्याने कर्जत तालुक्यातील उन्हाळी भातास जाते. ज्यांनी नाल्याच्या शेवटच्या टोकाला शेती केली आहे, त्यांना फुटलेले अस्तर व साचलेला गाळ म्हणजे काय, हे आम्ही सांगावयास नको. वरच्याची रोपे हिरवी आणि खालच्याची वाळलेली, हे चित्र जोतीरावांच्या मागणीशी ताडून पाहावे.

१८७६ ते १८८२ ते पुणे नगरपालिकेत सभासद होते. लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याच्या ठरावास त्यांनी एकट्यानेच विरोध केला; तो पैसा गरिबांच्या शिक्षणास लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. मार्च १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या मेजवानीस ते मुद्दाम शेतकऱ्याच्या वेषात गेले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत लोकांनी त्यांस ‘महात्मा’ ही पदवी अर्पण केली.

पुढे दोनच महिन्यांत पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून काढला. कंत्राटातून मिळविलेले द्रव्य समाजकार्यात खर्ची पडले होते, आणि आजारपणात स्नेह्यांच्या साहाय्यावर घर चालवावे लागले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले. ग्रंथ त्यांच्या पश्चात १८९१ मध्ये छापून निघाला.